स्कारवेच्या तांडेलाला दिलेला शब्द

बस. तो खोका ओढ आणि बस. पिंप शोधत आलीस ना शेडमधे? ते बघ, कोपऱ्यात, जुन्या जाळ्याखाली. लोखंडी, आतून काळं पडलेलं, तोंडावर तारेची जाळी. लगेच उचलू नकोस. आधी त्याची गोष्ट ऐक. चांगली लांबलचक आहे आणि मी ती कुणाला उगाच सांगत नाही. चहा हवा तर किटलीत आहे, कडू झाला असेल.

शेक्सपियरचं मला काही विचारू नकोस. मी मासळीबाजारातला गाडीवाला. मावटांच्या इंगाशी लग्न केलं आणि बायकोबरोबर त्यांच्या नाटक कंपनीची व्हॅन, दिवे आणि आवाज माझ्या गळ्यात पडले. सासऱ्यांनी कंपनी का काढली, जिथं रस्तासुद्धा धड पोचत नाही तिथं नाटक नेण्याचं खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते तुला इथं आल्या आल्या सगळ्यांनी ऐकवलंच असेल. मी सांगतो ते स्कारवे बेटावरच्या त्या एका हिवाळ्याचं. सासरे जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती आणि कंपनी सासूबाईंच्या मुठीत होती.

एफी मावट. सत्तरीला टेकलेली, काटकुळी, आणि आवाज असा की गोठ्यातली जनावरं उठून उभी राहायची. शेक्सपियरच्या त्या वादळाच्या नाटकात गलबतावर ओरडणारा तो म्होरक्या खलाशी असतो ना, ते काम ती करायची. दाढी लावून. लोकांना तिची दाढी नाटकातल्या जादूपेक्षा जास्त आवडायची.

आता बारांचं सांगतो. त्या नाटकाची सुरुवातच बुडत्या गलबतानं होते, तुला ठाऊक आहे. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडं त्या प्रवेशात दारूचे दोन बार उडवायची पद्धत. या पिंपात पुड्या ठेवायच्या, बॅटरीपासून तार आणायची, बटण दाबलं की धडाम. मी एकदा म्हणलं होतं, नुसता पत्रा हलवला तरी भागतंय की. सासूबाई म्हणाल्या, "बार नसले तर ते वादळ नाही, जावईबापू. ती हवापालट झाली."

अडचण अशी, की तेव्हा आमच्या ऑर्कनी बेटांवर लाइफबोटीच्या माणसांना बोलवायचं तेही दोन बारांनीच. समुद्रात कुणी अडकलं की टेकडीवरच्या चौकीतला पहारेकरी आभाळात दोन बार सोडायचा. ते ऐकले की माणसं भाकरी तव्यावर टाकून, गाय अर्धी पिळून धक्क्याकडं पळायची. मग आमच्या बारांचं काय करायचं? म्हणून सासऱ्यांनी एक रीत पाडली. खेळाआधी कंपनीच्या मालकानं लाइफबोटीच्या तांडेलाच्या घरी जायचं, त्याचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, आज पहिल्या प्रवेशातले बार आमचे. तांडेल खेळाला दाराजवळ बसायचा. बार झाले की त्याची माणसं त्याच्या तोंडाकडं बघायची आणि तो फक्त पंजा वर करायचा. बसा, नाटकातलं आहे. त्या पंजाला टाळी पडायची, बघ. इतकं अंगवळणी पडलं होतं ते. इतक्या वर्षांत एकदाही घोटाळा झाला नव्हता, म्हणून कुणाला त्याची भीतीही उरली नव्हती.

त्या दौऱ्याच्या तोंडावर आमच्या घरात भांडणाची आग लागलेली. लावली माझ्या लेकीनं, रोनानं. एकोणीस वर्षांची, एकुलती एक. गलबतावरच्या माणसांसाठी जीव टाकणारी ती पोर असते नाटकात, जे काम आता तुझ्याकडं आलंय, ते रोनाचं होतं. जेवायला बसलो असताना तिनं सांगितलं, की दक्षिणेकडं इस्पितळात नर्सचं शिकायला तिला जागा मिळालीय आणि ती जाणार आहे. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, मावटांची पोर टाळ्या सोडून लोकांची भांडी उचलणार का आता.

रोना त्यांच्यावरच गेलेली. म्हणाली, "आजी, तू रोज संध्याकाळी माणसं बुडवतेस आणि टाळ्या घेतेस. मी एखादं वर काढीन."

"मग माझ्या व्हॅनमधे तुला जागा नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा सूप प्यायला लागल्या.

मी इंगाकडं बघितलं, इंगानं तिच्या भावाकडं. मॅन्सी म्हणजे सासूबाईंचा थोरला, नाटकात त्या पोरीच्या जादूगार बापाचं काम करायचा. नाटकात असता तर त्यानं आईला तोंड दिलं असतं, पण इथं तो बटाटे कापत बसला. रोना पलीकडच्या बंदरात माझ्या बहिणीकडं निघून गेली. आम्ही तिच्याविना स्कारवेला जाणाऱ्या आगबोटीत चढलो. इंगा म्हणाली, आई, एक फोन तर कर तिला. सासूबाई म्हणाल्या, पाय तिचे आहेत, फोनही तिनंच करावा.

तर स्कारवे. खेळ दुपारचा, कारण संध्याकाळी सगळ्यांना गुरं बघायची असतात. दुपारचा म्हणजे काय, हिवाळ्यात आमच्याकडं दुपार अशी नसतेच, अंधारच. सकाळपासून वारा वाढत होता. आगबोट आम्हाला उतरवून लगेच पळाली. हॉलच्या मागच्या खोलीत इंगा रोनाचा पांढरा झगा उसवून स्वतःच्या मापाचा करत बसली होती. चाळिशी ओलांडलेली बाई आता सोळाची पोर होणार होती. मी म्हणलं, लांबून दिसशील की. तिनं सुई दाखवली मला.

मॅन्सीचं काहीतरी बिनसलं होतं. झगा घालून, दाढी लावून तो पुन्हा पुन्हा मागच्या दाराशी जायचा, समुद्राकडं बघायचा आणि यायचा. मला वाटलं, संवाद विसरतोय म्हणून घाबरलाय. मी म्हणलं, काय रे, तुझं वादळ अजून दोन तासांनी आहे. तर म्हणाला, "दाजी, हा वारा उतरेल का हो?" मी म्हणलं, मला काय विचारतोस, जादूगार तू आहेस. तो हसला नाही.

सासूबाई तांडेलाकडं गेल्या तेव्हा त्यांना धरायला म्हणून मी बरोबर होतो, नाहीतर उडाल्या असत्या. तांडेल डेव्ही, पाव भाजत उभा होता. लालबुंद मानेचा, कमी बोलणारा. त्यानं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, एफी, आज राहू दे बार. आज हवा बरी नाही. पत्रा हलव नुसता.

तिनं हात पुढं केलेलाच होता. म्हणाली, "मी शब्द देतेय ना, डेव्ही. माझा शब्द कधी ओला निघालाय?"

त्यानं हात पुसला आणि तिच्या हातात दिला.

हॉल गच्च भरला. असा वारा सुटला की माणसं घरी एकटी बसत नाहीत. ओल्या लोकरीचा आणि रॉकेलचा वास, शेगडीजवळ म्हातारी, पुढं पोरं. दुसऱ्या रांगेत बेला होती, एडविनची बायको. गोल चेहऱ्याची, तोंडाळ, आमच्या खेळाला येऊन सगळ्यात मोठ्यानं हसणारी. तिचा नवरा सकाळीच त्याची छोटी बोट घेऊन पलीकडच्या बंदरात यंत्राचा भाग आणायला गेला होता. कुणीतरी विचारलं, एडविन आला का. बेला म्हणाली, या वाऱ्यात कसला येतोय, तिकडंच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पाय ताणून बसला असेल. "बसू दे. आज पलंग सगळा माझा." अख्ख्या रांगा हसल्या.

खेळ सुरू झाला. मी मागच्या पत्र्याच्या पडवीत, एका हातात गडगडाटाचा पत्रा, दुसरा हात बटणावर, शेजारी हे पिंप. रंगमंचावर खलाशी इकडून तिकडं कोलमडतायत, सासूबाई दाढीतून ओरडतायत. बाराची खूण आली. मी बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. आगबोटीतून उतरवताना पुड्यांना खारं पाणी लागलं असणार. मी पत्रा हलवत राहिलो, मनात शिव्या देत, की आता म्हातारी माझी साल काढणार. आणि तेवढ्यात झाले. एक, आणि दम खाऊन दुसरा. छत हललं. मी म्हणलं, सुटलो बाबा, उशिरा का होईना पेटले.

आत टाळी पडली. म्हणजे डेव्हीनं पंजा वर केला होता.

मला काय खटकलं सांगू? वास. बार उडाला की पडवीत जळक्या दारूचा वास भरायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. मी श्वास घेतला तर नुसता ओल्या लाकडाचा वास. मी पिंपाला हात लावला. गार. जाळी काढून आत हात घातला. दोन्ही पुड्या जशा ठेवल्या तशा, ओलसर, तार खोचलेली.

पोरी, मी बऱ्याच वेळा घाबरलोय. गाडीचा ब्रेक गेलाय माझ्या हातून, उतारावर. पण त्या गार पिंपात हात घालून उभा होतो तसं भय मला पुन्हा नाही वाटलं. बाहेर कुणीतरी बुडतंय, आणि त्याला वाचवणारी सगळी माणसं माझ्यापासून एका पडद्याच्या अंतरावर टाळ्या वाजवतायत.

चौकीवर जॉक नावाचा म्हातारा पहारेकरी होता. त्यानं नंतर सांगितलं, समुद्रात मदत मागणारा लाल उजेड वर चढताना दिसला, त्यानं बार सोडले आणि मग तो हॉलच्या दाराकडं बघत उभा राहिला. खिडक्यांत दिवे, आतून टाळ्या, आणि दार काही उघडेना. मग तो टेकडी उतरायला लागला, पण त्याचा एक पाय लाकडाचा.

मी रंगमंचावर गेलो. पडदा बाजूला सारून, तेलाचे डाग पडलेल्या कपड्यांत, थेट त्या बुडत्या गलबतावर. मी म्हणलं, थांबा. बार आमचे नव्हते. लाइफबोट काढा.

हशा पिकला. बेलाचा आवाज सगळ्यांच्या वर. "अगं बाई, हा तर व्हॅनवाला. हा पण बुडाला का?"

मी पुन्हा ओरडलो, खरंच कुणीतरी बुडतंय. आता तूच बघ, आजूबाजूला चार खलाशी तेच ओरडत होते, बुडालो, मेलो, वाचवा. माझं खरं त्यांच्या खोट्यात मिसळून गेलं. पुढं बसलेली पोरं माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती. जन्मात एकदाच रंगमंचावर बोललो आणि इतकं चांगलं काम केलं, की कुणाचा विश्वास बसेना.

सासूबाई ओठ न हलवता म्हणाल्या, "उतर खाली."

मी जवळ गेलो आणि तिच्या कानाशी म्हणलं, आई, पिंप गार आहे.

इंगा विंगेत उभी होती, तिनं आईचं तोंड बघितलं. ती म्हणते, कंदिलाची वात कुणी खाली ओढावी तसं झालं ते. मावटांच्या कंपनीत खेळ थांबवायचा नाही. सासरे गेले त्या दिवशी दुपारी सासूबाईंनी खेळ केलेला आहे. रंगवलेल्या तोंडानं रंगमंचाच्या कडेखाली पाय ठेवायचा नाही, हा तिचाच कायदा, त्यापायी तिनं नटांना हाकललंय. मला वाटलं, ही आता पुढचं वाक्य म्हणणार.

तिनं दाढी ओढून काढली. कडेवर बसली, म्हातारी बाई पाण्यात उतरते तशी खाली उतरली आणि खुर्च्यांमधून चालत दाराशी गेली. हॉल हळूहळू गप्प झाला. डेव्हीचा पंजा अजून मांडीवर अर्धवट उघडा होता. तिनं तो हातात घेतला. गलबतावरचा आवाज नाही, घरातला आवाज, मीसुद्धा क्वचित ऐकलेला.

"डेव्ही, माझा शब्द मी परत घेते. ते बार तुमचे आहेत."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग स्वतःच्या पंजाकडं बघितलं, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा होता. आणि उठला. खुर्च्या उलटल्या, कोट ओढले गेले, दार भिंतीवर आपटलं आणि वाऱ्याबरोबर सगळी माणसं बाहेर गेली. दोन श्वासांत हॉलमधे बायका, पोरं, म्हातारी आणि आमची रंगवलेली तोंडं उरली.

मी पण निघालो होतो, धक्क्यावर काही हात लागला तर. मॅन्सीनं माझी बाही धरली. जादूगाराच्या झग्यात, दाढी एका बाजूनं सुटलेली.

"दाजी," तो म्हणाला, "एडविनच्या बोटीत रोना आहे."

मला कळलंच नाही तो काय बोलतोय. बेला जवळच होती. ती म्हणाली, छे रे, एडविन तिकडंच मुक्कामाला आहे.

"मी सकाळी पोस्टातनं फोन केला होता," मॅन्सी म्हणाला. तो तिच्याकडं बघत नव्हता, जमिनीकडं बघत होता. "बंदरात एडविन भेटला फोनवर. म्हणलं, येताना पोरीला घेऊन ये, खेळाच्या आत. तो म्हणाला, वारा आहे. मी म्हणलं, माझ्यासाठी म्हणून ये. तिला आईसमोर उभी केली की सगळं मिटेल, असं वाटलं मला."

कुणीतरी हॉलचं दार लावून घेतलं होतं, पोरं गारठली म्हणून. बेला गेली, दार उघडलं, खुर्ची ओढून उंबऱ्यात लावली आणि बसली. म्हणाली, लावू नका, ऐकू येत नाही मग.

मी धक्क्यापर्यंत पळालो. लाइफबोट सुटलेली होती. तिचा दिवा लाटेवर चढायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा चढायचा, आणि मग चढलाच नाही, टोकाच्या खडकाआड गेला. तिथं माझ्याजोगतं काम नव्हतं. परत आलो, दिव्यांचे खांब उचलले आणि रंगमंचावरचे सगळे दिवे समुद्राकडच्या खिडक्यांकडं फिरवले. दिसले तर दिसले कुणाला. हातांना काहीतरी करायला हवं होतं.

आत आमच्या घराचं काय चाललं होतं ते इंगानं सांगितलं मला, आणि नंतर मॅन्सीनंही सांगितलं, दोघांचे शब्द तेच. इंगा भावासमोर उभी राहिली, तो अर्धा उसवलेला झगा घालून. "तू माझ्या पोरीला या वाऱ्यात बोलावलंस," ती म्हणाली, "आणि मला सकाळपासून तिचा झगा शिवत बसवलंस. माझ्या तोंडाकडं बघत."

आणि सासूबाई, ज्या आयुष्यभर त्याला भित्रा म्हणत आल्या, त्या मधे आल्या. म्हणाल्या, "सोड त्याला. मी पण तेच केलं असतं. फक्त कुणाला सांगितलं नसतं."

इंगा आईकडं वळली. "तू एक फोन केला असतास, तर ती आमच्याबरोबर आगबोटीतनं आली असती, आई."

बायका ऐकत होत्या. आमचं घरातलं सगळं त्या दिवशी स्कारवेसमोर उघडं पडलं, आणि कुणाला लाज वाटायला वेळ नव्हता.

वाट बघणं कसं असतं ते तुला काय सांगू. दारातून वारा आत येत होता, शेगडीची राख उडत होती, कुणी जवाच्या भाकऱ्या आणि चहा फिरवला तो हातातच गार झाला. लाइफबोट बाहेर असली की बायका घरी जात नाहीत, तिथली रीत आहे. शेवटी शेगडीजवळची एक म्हातारी म्हणाली, एफी, पुढचं काहीतरी करा गं, नुसता वारा ऐकवत नाही आता. सासूबाईंनी मान हलवली, नाही म्हणून. तेव्हा बेला दारातूनच म्हणाली, "करा. पण दार असंच राहू दे."

म्हणून त्यांनी केलं. पुढचा प्रवेश कुठला, तू सांग. बरोबर. पोर किनाऱ्यावर उभी राहून बापाच्या पाया पडते, की तुझ्या हातात असेल तर हा समुद्र शांत कर, त्या गलबतावरच्यांचं मला बघवत नाही. पोर इंगा, बाप मॅन्सी.

ते बोलणं मी शेकडो वेळा ऐकलंय, पत्रा गुंडाळत. त्या दिवशी इंगा नाटक करत नव्हती आणि करतही होती. शब्द पुस्तकातलेच, एक कमी नाही की जास्त नाही. पण ती भावाच्या झग्याला दोन्ही मुठींनी धरून ते म्हणत होती, आणि झगा खांद्यावर फाटत होता. माझ्या बाजूला एक पोरगी आईच्या मांडीत तोंड खुपसून बसली.

मग मॅन्सीची पाळी. बापानं म्हणायचं असतं, की घाबरू नकोस, कुणाच्या केसाला धक्का लागलेला नाही. जादू होती ती नुसती.

त्यानं तोंड उघडलं. दारातल्या बेलाकडं बघितलं. तोंड मिटलं.

सासूबाई विंगेत पुस्तक घेऊन बसायच्या, नट अडला की शब्द द्यायला. कुणी श्वास जास्त घेतला तरी तिचा शब्द यायचा, इतकी तयार. मी समोरून तिच्याकडं बघत होतो. तिला वाक्य येत होतं, मॅन्सीला येत होतं, त्या हॉलमधल्या निम्म्या बायकांना पाठ होतं. तिनं ते दिलं नाही. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. वाक्य तसंच मधे लटकत राहिलं आणि आम्ही सगळे दारातून येणारा समुद्र ऐकत बसलो.

बेलाला आधी ऐकू आलं. ती उठली. यंत्राचा आवाज, वाऱ्यात तुटत तुटत.

डेव्ही आत आला तेव्हा त्याच्या हातांवर घोंगडी होती आणि घोंगडीत रोना. ओठ निळे, डोळे उघडे. इंगानं आणि मी तिला ओढूनच घेतली त्याच्याकडून. ती जिवंत होती, थरथरत होती, दातांवर दात आपटत होते तिचे, तो आवाज मी अजून ऐकतो. तिच्या अंगात एक मोठं तरंगतं जाकीट होतं, पुरुषाच्या मापाचं, छातीवर बांधलेलं.

डेव्ही बेलासमोर उभा राहिला. त्यानं टोपी काढली. एवढंच केलं.

बेलानं रोनाच्या अंगातल्या जाकिटाकडं बघितलं. तिनंच शिवलेलं ठिगळ होतं त्यावर, निळ्या कापडाचा. ती आली, आणि मला वाटलं, आता ही काय करते. तिनं गाठी सोडल्या. तिनं कुणाला हात लावू दिला नाही. रोना म्हणाली, "मी नको म्हणलं होतं त्यांना. त्यांनी जबरदस्तीनं बांधलं." बेला म्हणाली, तो तसाच आहे. जाकीट काढून तिनं छातीशी धरलं, ओलंचिंब, आणि पुन्हा दारातल्या खुर्चीत जाऊन बसली.

एडविन दोन दिवसांनी मिळाला, खडकाखालच्या वाळूवर.

पुढं पुष्कळ झालं. पंजा वर झाला त्यापासून दार उघडलं तोपर्यंत किती वेळ गेला, आणि तेवढ्या वेळात माणूस वाचला असता की नाही, हे कुणी आमच्यासमोर बोललं नाही. डेव्ही मरेपर्यंत बोलला नाही. जॉक एकदा दारूच्या नशेत बोलला आणि दुसऱ्या दिवशी माफी मागायला आला, ते जास्त वाईट. मॅन्सीनं बापाचं काम सोडलं, आता गुरं पाळतो, तुला माहीत आहे. इंगा त्याच्याशी कित्येक वर्षं बोलली नाही आणि मग एक दिवस बोलायला लागली, कारण विचारू नकोस. रोना बरी झाल्यावर आजीसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "आजी, मी खेळायला येत नव्हते. मी जातेय, हे तुझ्या तोंडावर सांगायला येत होते." सासूबाई म्हणाल्या, "सांगितलंस. आता जा." आणि तिच्या पिशवीत स्वतःचे लोकरीचे मोजे घातले. गेली ती. चांगली नर्स झाली.

पुढच्या हिवाळ्यात सासूबाई स्कारवेला एकट्याच गेल्या, मला म्हणाल्या, तू बाहेर थांब. बेलाच्या दारात उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. मी कुंपणापाशी होतो. सासूबाईंनी विचारलं, की आम्ही पुन्हा यायचं की नाही, ते तू सांग. तू नको म्हणालीस तर मावटांचं पाऊल इथं पडणार नाही. बेलानं हात पुसले. मग म्हणाली, "या. लोकांना दुसरं काय आहे इथं हिवाळ्यात. बार नकोत. आणि दार उघडं राहील."

सासूबाईंनी त्यानंतर कुठल्याच तांडेलाला शब्द दिला नाही. हे पिंप तेव्हापासून इथं जाळ्याखाली आहे. हवं तर ने, कोळसा ठेवायला चांगलं आहे.

बेला अजून आहे. म्हातारी झालीय, कानानं कमी ऐकते, पण खेळाला येते आणि खुर्ची उंबऱ्यात लावून बसते, पाठ तुमच्याकडं, तोंड समुद्राकडं. आता लाइफबोटीला बारांनी बोलवत नाहीत, माणसांच्या खिशात यंत्रं वाजतात, तरी बसते. थंडी आत येईल. तुझे शब्द वारा खाईल, पहिल्या रांगेपलीकडं काही पोचणार नाही. लोक कोट गुंडाळून बसतील. आणि तुम्हा नव्या लोकांपैकी कुणीतरी, भल्या मनानंच, ते दार लावायला उठेल. पोरी, एवढं कर माझ्यासाठी. तू कुठंही असलीस, बोलणं अर्ध्यात असलं तरी थांब, आणि त्याला ते लावू देऊ नकोस.